पेवातला कंदील आणि बोगद्यातला पंखा

नवा बोगदा किंवा नवा कारखाना झाला की आपले प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती आला? वेळ किती वाचणार? टोल किती बसणार? पोरांना नोकऱ्या किती लागणार? हे विचारलंच पाहिजे. पण आत हवा खेळवणारे पंखे किती आहेत, आणि पाच वर्षांनी त्यातले किती फिरत असतील, हे विचारलेलं मी आजवर एकाही ग्रामसभेत किंवा वार्षिक सर्वसाधारण सभेत ऐकलेलं नाही.

मला हा प्रश्न पडतो, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं पंख्यांत गेली. घरातल्या छताला गरगरतात ते नव्हेत. ज्याच्या पोटात दोन माणसं उभी राहून काम करतात, असे. बॉयलरचे, फाउंड्रीचे, गोदामांचे. कराडपासून मिरजेपर्यंत ते उभे करायचे आणि बिघडले की रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्त करायचे, हा माझा धंदा. म्हणून आज सातारा-सांगलीचा इतिहास जरा वेगळ्या बाजूनं सांगतो. गडकोटांचा नाही, प्रतिसरकारचा नाही, साखरसम्राटांचाही नाही. हवेचा. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात हरिपूरपासून करू. सांगलीजवळचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही हळद टिकवण्याची युक्ती त्याच्या कितीतरी आधीची. तिथल्या मातीत वीस-तीस फूट खोल पेवं खणायची, हळद भरायची आणि अरुंद तोंड पक्कं बंद करायचं. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, कीड लागायची नाही. कारण साधं आहे. बंद पेवात माल आणि त्यातले किडे मिळून होता तो प्राणवायू संपवतात, कर्बवायू साठतो आणि कीड गुदमरून मरते.

आता जी हवा किड्याला मारते ती माणसाला सोडेल का? म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडून तासन् तास थांबायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत नीट जळली तर माणूस उतरणार, मिणमिणली किंवा विझली तर नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या हमालालाही हा नियम पाठ होता. मालक कितीही घाईत असला तरी कंदिलाच्या आधी माणूस जात नसे.

२००५ च्या महापुरानं पेवांचं मोठं नुकसान केलं, २०१९ च्या पुरानं उरलंसुरलं बुडवलं. हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली. पेवं गेली त्याची हळहळ मला आहेच, पण जास्त हळहळ त्या कंदिलाची आहे. ‘आत हवा आहे’ हे गृहीत धरायचं नाही, दर वेळी तपासायचं, ही जी सवय होती ती पेवांबरोबर गेली. पुढं जे लिहितोय ते सगळं या एका सवयीबद्दल आहे.

हळदीला हवा कोंडायची होती. लोखंडाला उलट हवेचा मारा लागतो. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर आले. कुंडलजवळचा तो निवडुंगाचा माळ म्हणजे आजची किर्लोस्करवाडी. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थानं मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, त्याचं नाव १९६० साली सांगली झालं. म्हणून हा इतिहास दोन जिल्ह्यांत वाटून सांगता येत नाही. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही लोखंडी नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे कित्येक सातारकरांनाही ठाऊक नसतं.

नांगराचा फाळ ओतायचा तर बीड वितळायला हवं. त्याला साडेअकराशे-बाराशे अंश तापमान लागतं, आणि नुसता दगडी कोळसा पेटवून ते येत नाही. कुपोला भट्टीच्या पोटात जोरानं हवा मारावी लागते. लोहाराचा भाता हाच, फक्त दोन हातांच्या ताकदीच्या पलीकडं गेलेला. पंख्याचा आवाज बदलला की भट्टीवरचा माणूस न बघता ओळखायचा की आत लोखंड थंडावतंय.

पंप आणि पंखा ही सख्खी भावंडं आहेत, हेही इथंच सांगून टाकतो. गोल घरात फिरणारी पाती, मधून आत येणारं आणि कडेनं बाहेर फेकलं जाणारं पाणी, म्हणजे पंप. पाण्याच्या जागी हवा आली की पंखा. किर्लोस्करवाडीचा पंप घरोघरी गेला म्हणून आपल्याकडच्या पोरांना इम्पेलर, बेअरिंग, ग्लँड, कपलिंग हे शब्द शाळेच्या आधी विहिरीवर कळले. आपल्या भागात इतके फिटर निघाले, त्यामागं हे एक कारण आहेच.

मग आली साखर. फलटणजवळ साखरवाडीला १९३० च्या दशकात खासगी कारखाना उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरनं सहकाराची वाट दाखवली आणि वसंतदादांनी सांगलीत शेतकरी सहकारी कारखाना काढला. पाठोपाठ रेठरे बुद्रुकचा कृष्णा, मग एकामागून एक. या कारखान्यांवर हजारो पानं लिहिली गेलीत. सभासद, निवडणुका, उसाचा दर, काटामारी. पंख्यावर एक ओळ सापडणार नाही.

एक हिशेब सांगतो. रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरा. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, म्हणजे जवळपास १,४०० ते १,५०० टन. अर्धं पाणी असलेला हा ओला बगॅस जाळायला टनामागे साधारण साडेतीन ते चार टन हवा लागते. सगळा बगॅस जाळला तर हवा होते पाच हजार टनांच्या घरात. म्हणजे वजनकाट्यावरून जितका ऊस आत जातो, जवळपास तितक्याच वजनाची हवा कारखाना रोज खातो. उसाच्या काट्यावरून मारामाऱ्या होतात. हवेचा काटा कुणी करत नाही.

ही हवा आत ढकलणारा तो एफडी फॅन, आणि जळून झालेला धूर ओढून चिमणीत टाकणारा तो आयडी फॅन. पूर्वी उंच चिमणीच्या नैसर्गिक ओढीवर बरंच भागायचं. पुढं हवा तापवणारे, पाणी तापवणारे आणि राख पकडणारे भाग बॉयलरमागं जोडले गेले. प्रत्येक भाग धुराची वाट अडवतो. कारखान्यांनी वीज करून विकायला सुरुवात केली तसे बॉयलर मोठ्या दाबाचे झाले आणि पंखेही वाढले. आता आयडी फॅन थांबला तर मिनिटाभरात बॉयलरची आग तोंडाशी येते आणि कारखाना उभा राहतो. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. नुकसान कुणाचं, हे वेगळं सांगायला नको.

असा पंखा बसवायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट जमीन. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया घातला तर दोन हंगामांत पंखा आणि मोटर एका रेषेत राहत नाहीत. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं, आणि काँक्रीटचा गठ्ठा यंत्राच्या वजनाच्या निदान तिप्पट-चौपट घालायचा. बोल्टभोवतीचं ग्राउटिंग पक्कं होईपर्यंत कुणीही, अगदी चेअरमनांनी सांगितलं तरी, नट आवळायचा नाही. मग कपलिंगला डायल गेज लावून मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणायचे. तेही धूर गरम असणार, बेअरिंगची जागा तापून किंचित वर उचलली जाणार, हे धरून.

इतकी काटेकोर मापं कशाला? दोन मीटर व्यासाचा इम्पेलर मिनिटाला हजार फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटर वेगानं धावत असतं. त्या टोकाला शंभर ग्रॅम राख चिकटली, म्हणजे चहाच्या एका कपात मावेल एवढी, तरी ती शाफ्टला शंभर किलोहून जास्त जोरानं ओढते. आणि ही ओढ सेकंदाला सोळा-सतरा वेळा दिशा बदलते. बेअरिंग किती दिवस सोसणार? बगॅसच्या राखेत उसाबरोबर आलेली वाळू असते, ती पात्यांना सँडपेपरसारखी खाते. सगळी पाती सारखी खात नाही, म्हणून तोल जातो. हे सगळं एका रात्रीत होत नाही. महिनाभर पंखा सांगत असतो. आवाज बदलतो, बेअरिंगवर हात ठेववत नाही, पायाला मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवते. ऐकायला माणूस हवा, एवढंच.

आमचे मेस्त्री एक नियम सांगायचे: बंद हंगामात पंखा मेलेला समजायचा नाही. आठवड्यातून एकदा हातानं फिरवायचा आणि मागच्या खेपेपेक्षा वेगळ्या जागी थांबवायचा. नाहीतर सहा महिने एकाच जागी भार पडून बेअरिंगमधल्या गोळ्या धावेवर खळगे पाडतात, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी पंखा चालू केला की खडखडाट. या कामाला पैसा लागत नाही. लागतो एक माणूस आणि एक वही.

पण तोच माणूस आपण काढून टाकला. हंगामी कामगार बंद हंगामात रिटेन्शनवर घरी. कायम फिटर निवृत्त झाला की जागा भरायची नाही. काम ठेकेदाराकडं, ठेकेदाराची पोरं दरवर्षी नवी. एका ठिकाणी मला बोलावलं होतं, नाव घेत नाही. पंखा चालू, मोटर गरम होत नाही, तरी बॉयलर धुरानं कोंदतोय. तीन दिवस बॉयलरवालेच शिव्या खात होते. पाहिलं तर पावसाळ्यात केबलचं काम झालं होतं आणि जोडताना दोन फेज अदलाबदल झाले होते. पंखा उलटा फिरत होता. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेनं टाकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पंख्याच्या घरावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो रंगाखाली गेला होता आणि बाणाकडं बघायचं असतं हे सांगणारा माणूस घरी बसला होता.

या गोष्टीतला मुद्दा लक्षात ठेवा. पंखा ‘चालू आहे’ आणि पंखा ‘काम करतोय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यात हा फरक पैशात मोजला जातो. डोंगराखाली तो माणसांत मोजला जातो.

डोंगराखालच्या हवेचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा अध्याय कोयनेचा. धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात नेलं. पहिल्या टप्प्याचाच मुख्य बोगदा साडेतीन किलोमीटरहून लांब. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या त्या कामावर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली किती माणसं गेली असतील! बोगदा खणताना क्रम असा असतो: भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, माणसं बाहेर काढायची, बार उडवायचा. लगेच आत जाता येत नाही. स्फोटाचे विषारी वायू आणि दगडाची धूळ तिथंच कोंडलेली असते. मोठ्या नळीतून पंख्यानं ताजी हवा थेट खोदकामाच्या तोंडापर्यंत न्यायची, वायू निघाला याची खात्री करायची, मगच राडा उचलायला माणसं. बोगदा जितका पुढं जातो तितकी नळी लांबते, हवेला होणारा अडथळा वाढतो आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचणारी हवा कमी होते. नळीला एक भोक पडलं तरी आधीच माती झाली.

बांधकाम संपलं म्हणून पंख्याचं काम संपत नाही. चौथ्या टप्प्याचं वीजगृहही डोंगराच्या पोटात आहे, २५० मेगावॉटचे चार संच. जनित्र ९८ टक्के कार्यक्षम धरलं तरी १,००० मेगावॉटमागं वीसएक मेगावॉट उष्णता होते. त्यातली बरीचशी पाणी घेऊन जातं. उरलेली उष्णता आणि आत काम करणाऱ्यांचा श्वास, दोन्ही हवेच्या भरवशावर. आपल्या घरात दिवा लागतो त्यामागं पाणी आहे हे सगळे जाणतात. हवाही आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या जलाशयाला तळातून भोक पाडलं. लेक टॅपिंग. तेव्हा आपली छाती फुगली होती, आणि फुगायलाच हवी होती. बरोबर अकरा दिवसांनी, २४ मार्च १९९९ रोजी, युरोपात फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या साडेअकरा किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गारीन घेऊन जाणारा एक ट्रक पेटला. ३९ माणसं गेली. आग विझायला दोन दिवसांहून जास्त लागले. तिथं पंखे नव्हते असं नाही. पंखे होते आणि फिरतही होते. पण इटलीच्या बाजूनं धूर ओढून घेण्याऐवजी ताजी हवा आत ढकलली जात होती. तिनं आग भडकली आणि धूर माणसांच्या अंगावर गेला. दोन टोकांना दोन वेगळ्या संस्थांचा कारभार, एकाचा ताळमेळ दुसऱ्याला नाही. बोगदा तीन वर्षं बंद राहिला.

दुसरं उदाहरण जपानचं. २ डिसेंबर २०१२, सासागो बोगदा. १९७७ साली खुल्या झालेल्या या बोगद्यात हवेचा मार्ग करण्यासाठी काँक्रीटच्या फळ्यांचं छत टांगलं होतं. ते कोसळलं आणि नऊ जण गेले. चौकशीत काय निघालं? छत माथ्याला धरून ठेवणारे बोल्ट निसटले होते. २००० सालानंतर ते जवळ जाऊन, हातोडीनं ठोकून तपासलेच नव्हते. खालून दुर्बिणीनं बघून ‘ठीक’ लिहिलं जायचं. जपाननं पुढं नियमच केला: प्रत्येक बोगदा आणि पूल पाच वर्षांतून एकदा, हात पोचेल इतकं जवळ जाऊन तपासायचा. जपानसारख्या काटेकोर देशातही बोल्ट न ठोकता शेरा पडत होता, तर आपण कुणाच्या भरवशावर?

आता खंबाटकी. सातारा-सांगलीच्या माणसाला पुण्याला जायचं तर हा घाट चुकत नाही. पुण्याहून येताना घाट चढायचा आणि जाताना बोगद्यातून निघायचं, हे आपल्या कित्येक वर्षांच्या अंगवळणी पडलं. त्यानंतरच्या ‘एस’ वळणावरचे अपघात आपण पेपरात वाचले, कित्येकांच्या घरातही पोचले. म्हणूनच तीन-तीन पदरी जुळ्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझं दुमत नाही. मला बोलायचंय ते बोगद्याच्या छताबद्दल.

एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात गाड्या धावत असल्या तर त्याच हवा पुढं ढकलतात. रंगपंचमीच्या पिचकारीतला दट्ट्या डोळ्यांपुढं आणा. पण दिवाळीनंतरच्या रविवारी, सगळं पुणं परत निघालंय आणि पुढं एक ट्रेलर बंद पडलाय, तेव्हा काय? गाड्या उभ्या, इंजिनं चालू, दट्ट्या थांबला. तिथं माथ्याला टांगलेले जेट फॅन कामाला लागतात. असा एक पंखा थोडीशी हवा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं फेकतो आणि ती धार आजूबाजूच्या सगळ्या हवेला ओढत नेते. आग लागली तर हवेचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरपर्यंत न्यावा लागतो. त्याहून कमी पडला तर धूर उलटा फिरून मागं अडकलेल्या गाड्यांवर येतो. किती पंखे बंद असले तर हा वेग गाठता येत नाही, हे गणित आधीच मांडता येतं. ते मांडून लोकांपुढं ठेवायला हवं.

हे पंखे डोक्यावर टांगलेले असतात. बसवताना बोल्ट ओढून बघायचा, साखळीचा दुसरा आधार द्यायचा, हे होत असेलही. पण डिझेलची काजळी, पावसाळ्यातलं झिरपणारं पाणी आणि वर्षानुवर्षांची थरथर या तिन्ही गोष्टी बोल्टला लागतात. आणि जेट फॅन रोज लागत नाही, म्हणून तो बंद आहे हे रोज कळतही नाही. बंद हंगामातल्या पंख्यासारखंच. हवा लागेल त्या दिवशीच समजणार.

बोगद्याची गोष्ट मोठी, तिला कॅमेरे येतात. पण आपल्याकडं गुदमरून माणूस जातो तो बहुतेक वेळा लहान जागेत. मळीची टाकी, सांडपाण्याचा हौद, गोबर गॅसची विहीर, ड्रेनेजचं चेंबर. एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. या वायूंपैकी एकाचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं आणि तिथंच घात होतो. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, कडेगाव तालुक्यातल्या शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती होऊन तीन जण गेले. त्या प्रकरणात दोष कुणाचा हे ठरवणारा मी कोण? पण निकालाच्या गुलालात ती बातमी किती दिवस टिकली, हे आठवून बघा.

कायदा नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १३ मोकळ्या हवेबद्दल होतं. कलम १४ सांगायचं की धूळ-धूर जिथं निघतो तिथंच शक्य तितक्या जवळ ओढून घ्या. आणि कलम ३६ सांगायचं की वायूची शक्यता असलेल्या टाकीत माणूस उतरवायचा तर आधी वायू काढा, जाणकार माणसानं तपासून तसं लेखी द्यावं, किंवा उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि कमरेला दोरी द्या आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असू द्या. नीट वाचा. हे हरिपूरच्या पेवावरचंच शहाणपण आहे, फक्त सरकारी भाषेत. थांबा, तपासा, मग उतरा, आणि वर कुणीतरी असू द्या.

फरक एवढाच की आज कंदील चालणार नाही. पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच स्फोट करेल, आणि काही विषारी वायू ज्योतीला कळतच नाहीत. आज वायू मोजणारं मीटर लागतं. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. मीटर १९.५ च्या खाली दाखवू लागलं की आत जायचं नाही. हे मीटर काही कोट्यवधींचं नसतं. अग्निप्रदीपनाच्या मांडवाच्या खर्चात दोन-चार सहज येतील.

कुणी म्हणेल, देखभालीला पैसा कुठं आहे? मला हे पटत नाही. मोठ्या पंख्याचा वेग वीस टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी लागते. जो पंखा नीट ठेवलाय त्याचा वेग गरजेपुरता ठेवता येतो. ज्याची पाती झिजलीत, ज्याच्या नळ्यांना भोकं पडलीत, तो पूर्ण वेगानं पळवूनही पुरत नाही. म्हणजे देखभाल न करण्याचं बिल आपण दर महिन्याला भरतोच आहोत. फक्त ते विजेच्या खात्यात लिहिलं जातं म्हणून दिसत नाही. खरं कारण दुसरं आहे. नव्या पंख्याचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो, फलक लागतो. जुन्या पंख्याला ग्रीस भरण्याचा कार्यक्रम कुणी घेत नाही.

म्हणून मागण्या चारच, आणि चारही साध्या.

एक, खंबाटकीसह प्रत्येक मोठ्या बोगद्याच्या तोंडाशी फलक लावा: आत पंखे किती, चालू किती, शेवटची चाचणी कधी. टोलच्या दराचा फलक लागतो तसाच.

दोन, वर्षातून एकदा बोगदा रात्री काही तास बंद करून धुराची खरी चाचणी घ्या. अग्निशमन दल, पोलिस आणि जवळचं रुग्णालय सोबत घेऊन. कुणाचा फोन कुणाला जातो हे त्या दिवशी कळू दे, आगीच्या दिवशी नको. आणि माथ्यावरचे बोल्ट हातानं ठोकून तपासल्याची नोंद ठेवा.

तीन, साखर कारखान्यांनी बंद हंगामातही पंखे, पंप आणि मोटरी सांभाळणारी कायम माणसं ठेवावीत. वार्षिक अहवालात उताऱ्याचा आकडा देता, तसे पंख्यामुळं वाया गेलेले तासही द्या. सभासदांनी ते विचारावेत.

चार, टाकीत उतरण्याचा लेखी परवाना आणि वायूचं मीटर नसेल तर ठेकेदाराच्या पोरानं ‘उतरत नाही’ म्हणावं, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याचा रोज कापला जाऊ नये. हे पाळलं जातंय का हे गावानं बघावं. मुलगा गावातलाच असतो.

पहिल्या दोन गोष्टींसाठी माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. कोण कोण सोबत येणार ते खाली लिहा, मजकूर मी तयार करून देतो. तांत्रिक प्रश्न काय विचारायचे ते मला माहीत आहेत.

आणि खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होईल तेव्हा एवढं करा. पंख्याला हळदीकुंकू लावाल, हार घालाल, नारळ फोडाल. सगळं चांगलंच आहे. त्याआधी त्याच्या देखभालीच्या वहीचं शेवटचं पान उघडून तारीख बघा.